सिल्व्हर ओक : देखणा खरा, पण दारात नको

सरळसोट खोड, नेच्यासारखी नक्षीदार पाने, उन्हाळ्याच्या तोंडाशी सोनेरी फुले आणि पंधरावीस वर्षांत विकण्याजोगे लाकूड. इतके गुण असलेल्या या झाडाने लखनौच्या एका घरातली झोप का उडवली?

मे महिन्यातली गोष्ट. लखनौला मावशीकडे गेले होते. दिवसभर लू वाहत होती, म्हणून संध्याकाळी जरा व्हरांड्यात चहा घेऊन बसलो. एवढ्यात पश्चिमेकडचे आभाळ एकाएकी मातकट पिवळे झाले आणि मावशी कप तसाच ठेवून उठली. "खिडक्या लाव आधी, आंधी येतेय!" पाचसात मिनिटांत धुळीचा लोट अंगणात शिरला, दिवे गेले, आणि त्या काळोखात बाहेर कुठेतरी काडकन मोडल्याचा व पाठोपाठ धप्पकन पडल्याचा आवाज आला.

वारा ओसरल्यावर बॅटरी घेऊन आम्ही बाहेर गेलो. अंगणातल्या सिल्व्हर ओकची मांडीएवढी जाड फांदी कंपाऊंडच्या भिंतीवरून पलीकडे शेजाऱ्यांच्या अंगणात आडवी पडली होती. तिच्याखाली त्यांची स्कूटर. माणूस कोणी नव्हते म्हणून निभावले.

"यंदाची ही दुसरी," मावशी पुटपुटली.

शेजारचे गृहस्थ भले. चेपलेल्या स्कूटरकडे पाहत ते एवढेच म्हणाले, "भाभीजी, गाड़ी तो बन जाएगी, मगर बच्चे यहीं खेलते हैं." ओरडले असते तर मावशीने चार शब्द ऐकवले असते. या वाक्यावर मात्र तिच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री ती झोपली नाही.

हे झाड माझ्या काकांनी लावलेले. काका मूळचे वाईचे. लहानपणी पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले सिल्व्हर ओक पाहत राहायचे, असे ते नेहमी सांगत. रेल्वेच्या नोकरीने त्यांना लखनौत आणून टाकले आणि ते तिथलेच झाले. १९८८ साली घर बांधले तेव्हा बाकीची रोपे मावशीने निवडली, पण फाटकाच्या आत पहिला खड्डा काकांनी स्वतः खणला आणि तिथल्याच एका रोपवाटिकेतून आणलेला हातभर उंचीचा सिल्व्हर ओक त्यात लावला. घराच्या भिंतीपासून मोजून बारा फुटांवर! आज ते झाड तिमजली इमारतीच्याही वर गेले आहे. काका जाऊन चार वर्षे झाली.

"त्यांचं झाड आहे गं ते," मावशी म्हणाली. "मी कसं तोडू? आणि नाही तोडलं आणि उद्या कुणाच्या डोक्यात फांदी पडली तर?"

तिला उत्तर देण्यासाठी म्हणून मी या झाडाची माहिती काढू लागले. योगायोग असा की त्याच सुमारास माझ्या दिरांनी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शेताच्या बांधावर हेच झाड लावण्याचा बेत आखला होता. एका रोपविक्रेत्याने त्यांना थोड्याच वर्षांत लाखोंचे उत्पन्न मिळेल, असे रंगीत कागदावर छापून दिले होते. एकीकडे झाड पाडावे का हा प्रश्न, दुसरीकडे लावावे का हा प्रश्न, आणि झाड तेच!

नाव ओकचे, गाव ऑस्ट्रेलियाचे

पहिली गंमत म्हणजे सिल्व्हर ओक हा ओक नव्हेच. हिमालयातला बांज किंवा युरोपातला ओक यांच्याशी त्याचे कसलेही नाते नाही. तो मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या भागांतल्या नदीकाठच्या जंगलांतला. शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा. त्यातले 'ग्रेव्हिलिया' हे चार्ल्स ग्रेव्हिल या बागांची हौस असलेल्या इंग्रज गृहस्थाच्या आठवणीसाठी, आणि 'रोबस्टा' म्हणजे दणकट. अॅलन कनिंगहॅम या वनस्पतिशोधकाने त्याची नोंद केली आणि रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३० साली ते नाव प्रसिद्ध केले. या कुळीतल्या बऱ्याचशा जाती झुडपाएवढ्याच राहतात. हा मात्र त्या घरातला सर्वांत उंच मुलगा, सत्तर-ऐंशी फूट सहज गाठणारा आणि जमीन मनासारखी मिळाली तर शंभरीही ओलांडणारा.

मग ओक हे नाव कुठून आले? लाकडावरून. खोड विशिष्ट दिशेने चिरले की फळीवर रेशमासारखे चमकणारे ठिपके उमटतात, ओकच्या फळीवर दिसतात तसे. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या इंग्रजांनी त्याला 'रेशमी ओक' म्हटले. पानांची खालची बाजू रुपेरी असते. वाऱ्यावर झाड हलले की ते रुपे लखलखते. आपल्याकडे त्यावरून 'सिल्व्हर' पक्के झाले. मराठीत त्याला रुळलेले असे दुसरे नाव नाही. झाड न पाहिलेल्यांनाही नाव मात्र ठाऊक असते, कारण मुंबईतल्या शरद पवारांच्या निवासस्थानाचे ते नाव वर्तमानपत्रांत अधूनमधून झळकत असते!

फुले उत्तर भारतात साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतात. त्याआधी बरीचशी पाने गळतात आणि मग फांद्यांवर नारिंगी-पिवळ्या रंगाचे, टूथब्रशसारखे एकाच बाजूला केसर असलेले तुरे उभे राहतात. त्यांत मध भरपूर. सकाळच्या वेळी मावशीच्या झाडावर शिंजीर, मैना, बुलबुल आणि मधमाश्या यांची अशी काही झुंबड असते की खालून बोललेले ऐकू येत नाही. काका त्या दिवसांत चहाचा पहिला कप झाडाखाली उभे राहून घेत असत. माणूस या झाडाच्या प्रेमात का पडतो हे त्या पंधरा दिवसांत समजते.

पाचगणी ते कॉफीचे मळे

काकांच्या आठवणीतली पाचगणीची झाडेही अशीच कुणीतरी हौसेने आणलेली. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाकडे पाचगणीची देखरेख आली. दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली मोकळी जागा त्याने निवडली आणि तिथे परदेशातली नाना झाडे आणून लावली. त्यांतली दोन पाचगणीला विशेष मानवली, पॉइन्सेटिया आणि सिल्व्हर ओक. आज पाचगणीचे चित्र काढायचे झाले तर शाळांच्या उतरत्या छपरांमागे हा उंच झुपकेदार वृक्ष काढावाच लागतो.

पण भारतात हा वृक्ष खरा पसरला तो शोभेमुळे नव्हे, चहा-कॉफीमुळे. एकोणिसाव्या शतकात निलगिरीच्या आणि सिलोनच्या मळेवाल्यांना सावलीसाठी एक झाड हवे होते, लवकर वाढणारे आणि तरीही गडद अंधार न करणारे. सिल्व्हर ओकची पाने चिरलेली, त्यामुळे ऊन गाळणीतून गाळल्यासारखे खाली येते. त्याची मुळे खोल जातात, पिकाशी फारशी झोंबाझोंबी करत नाहीत. शिवाय त्यांना बारीक मुळ्यांचे दाट झुपके फुटतात, ब्रशच्या केसांसारखे, आणि त्यांच्या जोरावर निकस जमिनीतूनही ते झाड स्फुरद ओढून घेते. मळेवाल्यांना आणखी काय हवे? पुढे खोडावर मिरीचा वेल चढवण्याची युक्ती निघाली आणि कोडगू, वायनाडकडे एकाच झाडापासून सावली, मिरी आणि शेवटी लाकूड असा तिहेरी हिशेब बसला. पूर्व आफ्रिकेत केनिया, युगांडा, रवांडा या देशांतले लहान शेतकरी तर बांधावर ओळीने हेच झाड लावतात, दरवर्षी फांद्या छाटून चुलीला सरपण काढतात आणि मुलीच्या लग्नाला किंवा मुलाच्या फीला खोड विकतात. बांधावरच्या बाभळीवर आपल्याकडच्या शेतकऱ्याने कैक वर्षे असाच संसार रेटला आहे.

महाराष्ट्रातही फळबागांच्या कडेला वारा अडवण्यासाठी सुरू, शेवरी यांच्या जोडीला सिल्व्हर ओकची रांग लावलेली दिसते. बागेत शिरणारा वारा चाळला जातो, फळे गळत नाहीत. या कामाला झाड उत्तम. रांगेतल्या एखाद्याची फांदी मोडली तरी खाली स्कूटर नसते.

लाकूड कसे आणि भाव कसा

आता पैशाचे बोलू, कारण दिरांचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

जमीन आणि पाऊस चांगला असेल तर पहिली काही वर्षे हे झाड वर्षाला पाचसहा फूट उंची सहज घेते. सागवानाची वाट पाहणाऱ्याला हे जादूसारखे वाटते. पण 'पाच वर्षांत तयार' या बोलण्याला अर्थ नाही. पाच वर्षांत उंची येते, जाडी येत नाही, आणि वखारवाला पैसे देतो ते जाडीचे. फळ्या निघण्याजोगे खोड व्हायला पंधरा ते वीस वर्षे धरावीत. त्याआधी विकले तर सरपण, खांब किंवा लगदा यांच्या भावाने जाते.

लाकूड फिकट गुलाबी-तपकिरी, मध्यम वजनाचे, रंध्याला सोपे. प्लायवूडचे पापुद्रे, खोकी, घरातले फर्निचर, भिंतीवरचे तावदानी काम याला ते चालते. ऑस्ट्रेलियात एके काळी कपाटे आणि खिडक्या यांच्यासाठी त्याला इतकी मागणी होती की जंगलातली जुनी झाडे विरळ झाली. पण त्याला सागाचे गुण लावू नयेत. जमिनीत पुरले किंवा उघड्यावर ठेवले तर वाळवी आणि कुजणे या दोन्हींपुढे ते टिकत नाही. घाईने उन्हात वाळवले तर फळ्या वाकतात. सावलीत, थरांमध्ये पट्ट्या घालून, धीराने वाळवावे लागते. आणि सुतारांची एक तक्रार अशी की त्याच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते. तिच्याविषयी पुढे सांगते.

वखारीतला हिशेब मात्र प्रत्येक घरमालकाला माहीत असायला हवा. खोडाच्या मध्यावरचा घेर मोजायचा, त्याचे चार भाग करायचे, त्यातल्या एका भागाचा वर्ग करून लांबीने गुणायचे. मावशीच्या झाडाचे कामाचे खोड साधारण चोवीस फूट आणि मध्यावर घेर पाच फूट. पाचाचा चौथा हिस्सा सव्वा. सव्वाचा सव्वाने गुणाकार केला आणि त्याला चोवीसने गुणले की साडेसदतीस घनफूट येतात. भूमितीने काढलेले खरे घनफळ मात्र साधारण पावणेअठ्ठेचाळीस घनफूट होते. म्हणजे या पद्धतीत शेकडा वीसबावीस भाग साल आणि चिराईतली घट म्हणून आधीच वजा झालेला असतो. ही लबाडी नव्हे, व्यापाराची जुनी रीत आहे. पण त्यानंतरही कोणी 'सालीची घट' म्हणून पुन्हा कपात करू लागला तर आपल्याला दोन शब्द बोलता आले पाहिजेत.

मावशीच्या सांगण्यावरून एक लाकूडवाला झाड बघायला आला. झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, वर पाहिले, विजेच्या तारा पाहिल्या, खोडात कधी काळी कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी ठोकलेला खिळा बोटाने चाचपला. मग म्हणाला, "लकड़ी हमारी, कटाई आपकी." म्हणजे लाकूड मी फुकट नेणार, वर तोडणावळही तुम्हीच द्यायची! मावशी चिडली. पण थंड डोक्याने विचार केला तर त्याचेही अगदीच चूक नव्हते. घराला खेटून उभे असलेले झाड एका घावात पाडता येत नाही. माणूस वर चढवून, एकेक फांदी दोराला बांधून खाली सोडावी लागते. खोडाचे तुकडे वरच्यावर कापावे लागतात, म्हणजे लांब ओंडका मिळत नाही. आतमध्ये जिरलेला खिळा आरा मशीनचे पाते मोडतो. एका झाडासाठी गाडी आणायची. हेच झाड बांधावर शंभराच्या रांगेत असते तर भाव करता आला असता, गाडी भरली असती. अंगणातल्या एकट्या झाडाचे लाकूड विकून पैसे होतील ही आशा जवळजवळ नेहमीच फोल ठरते. हे मी सिल्व्हर ओकपुरते म्हणत नाही. कुठल्याही शहरी झाडाला ते लागू आहे.

फांदी, पाचोळा आणि खाज

या झाडाचा सर्वांत मोठा दोष त्याच्या वाढीतच आहे. भराभर वाढलेल्या फांद्या ठिसूळ असतात. वारा आला की ती लवत नाहीत, मोडते. कडुनिंब, चिंच वर्षानुवर्षे वादळ खातात आणि पानांचा सडा टाकून मोकळे होतात. सिल्व्हर ओक फांदीच टाकतो. लखनौच्या मे-जूनमधल्या आंध्या आणि त्यापाठोपाठ येणारा पाऊस यांत अशा झाडाखाली गाडी उभी करणे किंवा खाट टाकणे शहाणपणाचे नाही. आपल्याकडे वळवाच्या वादळातही तेच.

त्यावर पुष्कळ जण झाडाचा शेंडाच उडवतात. मावशीच्या माळ्यानेही तेच सुचवले होते. झाड ते सोसते, पुन्हा फुटतेही. पण कापल्या जागेभोवती जे नवे फुटवे येतात ते वरवर चिकटलेले असतात आणि पाचसहा वर्षांत तेच जड होऊन आधीच्याहून सहज निखळतात. शिवाय कापल्या जागेतून पाणी आत शिरून कुजण्याची भीती. ओळंब्यातले झाड छाटून ठेंगणे करता येत नाही. जागा चुकली असेल तर ती चुकलेलीच राहते.

पाचोळ्याचे प्रकरण बायकांना विचारावे. मोठी पाने मोजून झाडता येतात. सिल्व्हर ओकची चिरफळलेली पाने जाळीच्या तुकड्यांसारखी पन्हळीत जाऊन बसतात आणि पहिल्या पावसाला गच्चीत तळे साचते. लवकर कुजतही नाहीत. मळ्यात हाच पाचोळा आच्छादन म्हणून सोन्यासारखा, कारण जमिनीची ओल धरून ठेवतो. घराच्या गच्चीवर तोच उन्हाळ्यात काडीपेटीसारखा पेट घेऊ शकतो. मावशी दर शनिवारी शिडी लावून पन्हळ साफ करून घेत आली आहे. पस्तीसहून अधिक वर्षांचे शनिवार मोजा!

आता खाजेविषयी. या झाडाच्या लाकडात, पानांत, फुलांत एक तैलद्रव्य असते. ते काजूच्या टरफलातल्या तेलाच्या जवळच्या नात्यातले आहे. कोकणातल्या बायकांना वेगळे सांगायला नको. ओल्या काजूची बी फोडताना बोटे कशी उलतात, ते त्यांना ठाऊक आहे. सिल्व्हर ओकचा त्रास सर्वांना होत नाही, पण ज्यांच्या अंगाला तो सोसत नाही त्यांना छाटणीनंतर हातावर, मानेवर पुरळ येते, फोडही येतात. फांद्या तोडणाऱ्या माणसाला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालायला सांगावे, आणि काम संपल्यावर साबणाने अंघोळ करायला लावावी. फुले आणि फळे यांत सायनाइडयुक्त विषारी अंशही असतो. मध चाखायला म्हणून मुलांनी फुले तोंडात घालू नयेत.

आणखी एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. मावशीच्या झाडाखाली इतक्या वर्षांत एकही सिल्व्हर ओकचे रोप उगवलेले नाही. बोंडे फुटून पंखवाल्या बिया दरवर्षी ढिगाने पडतात, तरी नाही. १९६७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याचा उलगडा प्रसिद्ध केला होता. मोठ्या झाडाच्या मुळांच्या सान्निध्यात त्याच जातीची रोपे मरतात. आई स्वतःच लेकराला शेजारी उभे राहू देत नाही. तरीही मोकळ्या, दूरच्या जागी वाऱ्यावर गेलेले बी सहज रुजते. हवाई बेटांवर आणि दक्षिण आफ्रिकेत हा पाहुणा असा माजला की तिथे त्याची गणना आता उपद्रवी झाडांत होते.

आपल्याकडचा धोका जरा निराळा आहे. कोडगूच्या कॉफीमळ्यांत पूर्वी फणस, अत्ती, जंगली आंबा अशा नाना देशी वृक्षांची सावली असे. देशी झाड तोडायचे तर परवानगीचे जंजाळ, सिल्व्हर ओकला त्या मानाने मोकळीक. साहजिकच मळेवाल्यांनी एक देशी झाड गेले की तिथे सिल्व्हर ओक लावला. हिशेब त्यांच्या बाजूने बरोबर होता. पण फणसावर, उंबरावर जगणाऱ्या पाखरांना आणि किड्यांना या परदेशी झाडावर वर्षातले काही दिवसच खायला मिळते. कायदा झाडे वाचवण्यासाठी होता आणि त्याचा परिणाम देशी झाडे हटवण्यात झाला, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

मग लावायचा कुठे?

लखनौतल्या मुक्कामात एका सकाळी मावशीला घेऊन सिकंदरबागेकडे फिरायला गेले. नवाब वाजिद अली शाहची ही बाग, १८५७ च्या नोव्हेंबरातल्या भयंकर लढाईची जागा. तिच्याच आवारात प्रा. कैलासनाथ कौल यांनी १९४६ च्या सुमारास वनस्पतिउद्यान उभे करायला घेतले. १९५३ साली ते केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेकडे गेले आणि १९७८ पासून राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. डिसेंबरातले शेवंतीचे आणि जानेवारीतले गुलाबांचे प्रदर्शन पाहायला सारे लखनौ तिथे लोटते. आम्ही गेलो तेव्हा प्रदर्शनाचा मोसम नव्हता, फक्त उंच झाडे होती आणि त्यांच्याभोवती भरपूर मोकळी हिरवळ.

"बघ, यांना कसं पडायलासुद्धा जागा आहे," मावशी म्हणाली.

मला वाटते तिने नकळत नियमच सांगितला. सिल्व्हर ओक लावताना तो सत्तर फुटांचा झाल्यावर कुठे पडेल हे आधी पाहावे. शाळेचे मोठे मैदान, कारखान्याच्या आवाराची कड, फळबागेची हद्द, शेताचा बांध या जागा ठीक. बांधावर आठदहा फुटांवर एकेक रोप लावावे, खालच्या फांद्या दरवर्षी छाटून खोड सरळ ठेवावे. पाणी साचणाऱ्या जमिनीत लावू नये, तिथे तो रडतखडत जगतो. कोवळ्या रोपाला कडाक्याच्या थंडीतही जपावे लागते. तोडल्यावर बुंध्यापासून पुन्हा फुटून येण्याचा निलगिरीसारखा गुण त्याच्यात फारसा नाही. म्हणजे तोड झाली की पुन्हा नव्याने रोपे लावायची, हा खर्च हिशेबात धरावा. घर, रस्ता, विजेच्या तारा यांच्याजवळ मात्र तो नकोच. अंगणासाठी कांचन आहे, बहावा आहे, बकुळ आहे, आपला तामण आहे. ही झाडे आटोपशीर आणि शोभेला कुठे कमी नाहीत.

दिरांना मी सांगितले, पूर्वेकडच्या एका बांधावर लावा, आंबा-फणस काढून लावू नका, आणि हा पैसा वीस वर्षांनंतरचा आहे असे समजा. रंगीत कागदातल्या आकड्यांपेक्षा गावाजवळच्या प्लायवूड कारखान्यात किंवा वखारीत जाऊन आज सिल्व्हर ओक कोणत्या घेराला घेतात, घेतात तरी का, ते विचारा. त्यांनी विचारले आणि पाचशेऐवजी साठ रोपे आणली.

तोडण्याबाबतचा कायदाही पाहून घ्यावा. महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी १९६४ चा झाडे तोडण्याविषयीचा अधिनियम आहे. त्यातल्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, खैर, जांभूळ अशी झाडे आहेत, सिल्व्हर ओक नाही. तरी वाहतुकीपूर्वी वनखात्यात विचारलेले बरे. शहरात मात्र १९७५ च्या अधिनियमामुळे आपल्याच अंगणातले, आपणच लावलेले झाडसुद्धा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. उत्तर प्रदेशात १९७६ चा स्वतंत्र कायदा आहे. धोकादायक झालेल्या झाडासाठी अर्ज करताना मोडलेल्या फांदीचे, भिंतीपासूनच्या अंतराचे फोटो जोडले तर काम सोपे जाते. तोडीच्या बदल्यात नवी झाडे लावण्याची अटही असते.

मावशीने हे सगळे ऐकून घेतले. लगेच काही बोलली नाही. पावसाळ्याआधी शेजाऱ्यांच्या बाजूच्या आणि झोपायच्या खोलीवरच्या फांद्या तिने जाणत्या माणसाकडून बुंध्यापाशी नीट कापून घेतल्या. स्कूटरचा खर्च शेजाऱ्यांनी नको नको म्हणताना हातात कोंबला. मी परत आले.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. अर्ज दिला होता, वनखात्याचा माणूस येऊन पाहून गेला होता. "फुलं येऊन गेली की मग पाडायचं म्हणतेय. एप्रिलनंतर, पण आंधीच्या आधी," ती म्हणाली. "एवढा एक बहर त्यांच्या नावाने."

लाकूडवाल्याशी तिने पुन्हा बोलणे केले होते. तोडणावळ तिची, पण बुंध्याचे दोन ओंडके तिला घरीच ठेवून द्यायचे. ते चिरून, मागच्या पडवीत सावलीत वर्षभर वाळवून, त्यांच्या फळ्यांचा दिवाण करायचा. सुतार सांगून ठेवला आहे. खोडातला तो खिळा कुठे आहे, तेही खडूने खूण करून ठेवले आहे.